निळ्या उजेडातली पाठवणी

"भात निळो, सुंगटां निळी, आता सून पण निळी," आये कोळंबी सोलता सोलता पुटपुटली.

पुटपुटणं स्वतःशीच होतं, पण दर्शनाच्या कानापासून वीतभर अंतरावर. हे तंत्र सासूला उभ्या जन्माच्या सरावाने येतं. दर्शनाने ऐकलं नाही असं दाखवलं. हेही सरावानेच येतं.

"काय म्हणालंस, आये?"

"काय नाय. सुंगटां तळ्यातली असत म्हटलंय. दर्याची चव नाय."

दर्याची कोळंबी मालवणात मिळेनाशी होऊन बरीच वर्षं झाली होती. आयेची तक्रार खरी तर कोळंबीची नव्हती, उजेडाची होती. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक मोठी काच होती. हे घर पूर्वी बर्फाच्या कारखान्याचं कार्यालय होतं आणि मॅनेजर त्या काचेतून लाद्यांवर नजर ठेवत असे. आता काचेपलीकडे लाद्यांच्या जागी टाक्या होत्या, टाक्यांत मालवणच्या समुद्रातलं उरलंसुरलं प्रवाळ होतं आणि त्याच्यावर जळणारे दिवे जांभळट निळा उजेड थेट आयेच्या ताटात सांडत होते. काचेला पडदा लावायची सोय नव्हती. दर्शनाला टाक्या सतत दिसायला हव्यात, असं करारातच होतं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. दगडाचं घर बांधून राहणारा, पारदर्शक अंगाचा तो एक बारका प्राणी. त्याच्या अंगात भाडेकरू असतात, डोळ्यांना न दिसणारं शैवाल. हे भाडेकरू उजेडावर स्वतःचं अन्न शिजवतात आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देऊन टाकतात. असे भाडेकरू माणसांत मिळत नाहीत. पण पाणी तापलं की दोघांचं बिनसतं, मालक भाडेकरूंना बाहेर काढतो आणि मग स्वतःच उपाशी मरतो. मालवणच्या किनाऱ्यावर लागोपाठ काही उन्हाळे असे आले की खाली फक्त पांढरी हाडं राहिली. त्याआधी इथल्या गाबित मच्छीमारांच्या घराघरांनी आपापल्या खडकावरून एकेक तुकडा आणून या थंड कारखान्यात ठेवला होता. प्रत्येक घराण्याचा समुद्रात एक खडक असतो. आजोबांनी त्यावर जाळं टाकलेलं असतं, त्याचं नाव घरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. दर्या सुधारला की ज्याचं त्याने परत न्यायचं, असं ठरलं होतं. त्या परत नेण्याला पहिल्याच बैठकीत कोणीतरी पाठवणी म्हणालं आणि तोच शब्द राहिला.

टाक्यांवरचा दिवा मात्र अजब होता. त्यात सात रंगांचे एलईडी होते आणि प्रत्येक रंग कमीजास्त करता येई, म्हणजे उजेडाच्या तऱ्हा मोजण्यापलीकडच्या. त्यातला प्रवाळाला मानवणारा कोणता? प्रवाळ बोलत नाही आणि त्याला त्रास झाला तर तो आठवड्यांनी दिसतो. तेव्हा दिवा बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. जाणत्या माणसाचा डोळा वापरायचा. दिवा रोज सकाळी एकाच टाकीवर आधी एक उजेड पाडी, मग दुसरा. माणसाने फक्त बघायचं. दिव्यातला कॅमेरा बघणाऱ्याचं बुबुळ वाची: नजर कुठे रेंगाळली, बाहुली कशावर मोठी झाली. बटण मुद्दामच ठेवलं नव्हतं. बोट खोटं बोलतं, बुबुळ बोलत नाही, असं ते म्हणत. जो उजेड डोळ्याला भावला त्याच्या दिशेने दिवा दुसऱ्या दिवशी केसभर सरके.

डोळा कोणाचा घ्यायचा, याची बाजारात परीक्षा झाली आणि दर्शना निवडली गेली. मासळी विकणाऱ्या बायकांमध्ये तिची नजर वाखाणलेली होती. कल्ले न उघडता, टोपलीवरून नुसती नजर फिरवून ती ताजं कोणतं आणि कालचं कोणतं ते सांगे. तिला कधी कोणी शिळं विकू शकलं नाही. नवऱ्याच्या बाबतीत फसले, असं ती हसून म्हणायची, आणि रुपेश म्हणायचा, "बर्फात घालून ठेवलंस म्हणान टिकलंय."

कामाची खोच मागाहून कळली. दिवा तिच्या डोळ्याला सरावला, दुसरा डोळा घेईना. दर्शना आईच्या दिवसांना माहेरी गेली तेव्हा तिची जाऊ टाकीसमोर उभी राहिली होती. दिवा गोंधळला, उजेड रोज इकडून तिकडे उड्या मारू लागला आणि दोन टाक्यांतलं सगळं गेलं. तेव्हापासून दर्शना मालवणबाहेर झोपलेली नव्हती.

आणि आता नागपूरला तीर्था, तिची लेक, पहिलटकरीण. बाळंतपण खरं तर माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती.

"सासूबाई येते म्हणतात," तीर्था फोनवर म्हणाली. "पण त्या आल्या की मलाच वाटतं उठून त्यांना चहा करून द्यावा. तू ये ना, आई."

"येतंय गो. पाठवणी झाली की येतंय."

"दरवर्षी हेच म्हणतेस."

"ह्या वर्षी खरा."

ह्या वर्षी खरंच होतं. रुपेश समुद्रात उतरून आला होता.

रुपेश एके काळी पर्यटकांना बुडी मारून प्रवाळ दाखवायचा. आता दाखवायला काही नसल्यामुळे टाक्या चालवणाऱ्या मंडळाने त्याला पाहणीचं काम दिलं होतं. पाण्याचं तापमान यंत्रं सांगत, पण खडकावर काय आहे ते उतरल्याशिवाय कळत नाही. मागच्या साली त्याने चाचणी म्हणून काही तुकडे खाली नेऊन बसवले होते. ते जगले तर पाठवणी, नाहीतर नाही. तो उतरला की धक्क्यावर लोक जमत आणि तो मुखवटा काढायच्या आधीच कोणीतरी विचारी, "कसा असा रे खाली?"

"सुधारता," रुपेश म्हणे.

दरवर्षी त्याने खाली नेलेल्या कॅमेऱ्यात पाणी जाई. दरवर्षी लोक म्हणत, आजकालच्या वस्तूंना काय दम नाही. नवा कॅमेरा आणावा असं कोणाच्या मनात येत नसे.

यंदा मंडळाचे अध्यक्ष बाबलमामा कुबल यांनी विचारलं, "गेल्या वर्षाची जगली?"

रुपेशने केस पुसले, टॉवेल पिळला. "जगली," म्हणाला.

नारळी पौर्णिमेला पाठवणी ठरली. जे तुकडे जास्त चमकतात ते आधी जाणार, आणि यंदा तर सगळेच चमकत होते. आणले तेव्हा मातकट, शेवाळी, कोणाला दाखवावेसे वाटू नयेत असे होते. पुढे वर्षावर्षाला त्यांनी बाळसं धरलं. हिरवं असं की अंधारात पोपट बसलाय, गुलाबी, केशरी. गावातल्या म्हाताऱ्या सणाला येऊन आपापल्या घराण्याच्या तुकड्यासमोर उभ्या राहत आणि दर्शनाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत. दर्शनाने डिंक आणि खारीक आणली, लाडू वळायला घेतले. पाठवणी झाली की टाक्या रिकाम्या. टाक्या रिकाम्या की डोळे आपले.

लाडू वळायच्या दिवसांतच तो प्रकार झाला. टाकी घासताना एक फांदी तुटली, कुबलांच्या खडकाची. अशी फांदी डिंकाने परत चिकटवतात, पण टाकीजवळच्या ओल्या हाताने ते होईना. दर्शनाने ती पाण्याच्या वाडग्यात घातली आणि मागच्या दारी पायरीवर येऊन बसली. श्रावणातलं ढगाळ, साधं ऊन होतं.

वाडग्यात एक पांढरं हाड होतं.

तिला आधी वाटलं, चुकून दुसरं काही उचललं. आत जाऊन तिने वाडगा दिव्याखाली धरला. हिरवीगार फांदी पोपटासारखी पेटली. ती परत पायरीवर आली. सोललेल्या खोबऱ्यासारखं पांढरं, त्यावर हिरवट छटेची पातळ साय.

तिने प्रयोगशाळेत फोन लावला. डॉ. फातर्पेकर या प्रकल्पाच्या प्रमुख. त्या पडद्यावर आल्या, फांदी बघितली.

"उन्हात धरा परत. हं. दर्शनाताई, भाडेकरू गेलेत."

"पण मग चमकतात कशी?"

"छत्री उघडलीय त्यांनी. भाडेकरू निघून गेले की आत उजेड फार शिरतो आणि अंग भाजतं. मग काही प्रवाळं घाईघाईने रंग तयार करतात, उजेड अडवायला. तो रंग निळ्या दिव्याखाली झगमगतो. जितका त्रास जास्त तितका रंग जास्त."

"पण दिवा रोज तब्येतीचा आकडा देतो, तो तर चांगला येतो."

"दिव्याला तुमच्या डोळ्याने शिकवलं, ताई," त्या हळू म्हणाल्या. "तुमचा डोळा मासळीचा. मासळीत चमक म्हणजे ताजेपण. प्रवाळाचं उलटं. निरोगी प्रवाळ तपकिरी दिसतं, चिखलासारखं. तो तपकिरी रंगच भाडेकरूंचा. चमक दिसली की तुमची बाहुली मोठी झाली, दिवा थोडा निळा सरकला. प्रवाळाला त्रास झाला, ते अजून चमकलं. बाहुली अजून मोठी. आम्हीही चमकच मोजत होतो. म्हणजे आम्हीही बाजारातच उभे."

पायरीवर एक मांजर वाडग्याकडे बघत होतं. दर्शनाने ते हाकललं नाही.

"आता काय?"

"मेली नाहीत अजून. उजेड एकदम मंद करायचा, साधा, पिवळट. पाणी गार आहे, भाडेकरू परत येतात कधीकधी. पण दिवा तुमच्या डोळ्याशिवाय ऐकणार नाही. त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल, रोज. आणि बुबुळाला नाटक जमत नाही. तो मातकट रंग तुम्हाला मनापासून आवडावा लागेल."

"किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं."

"आणि पाठवणी केली तर?"

डॉक्टर चष्मा पुसू लागल्या. "अशा अवस्थेत समुद्रात… पण समुद्र चांगला असेल तर निभावतीलही. रुपेशरावांचा अहवाल आहे ना, तुकडे जगल्याचा." चष्मा परत डोळ्यांवर आला. "तुम्ही ठरवा. तुमच्याकडे नागपूरचंही आहे ना."

फोन बंद झाल्यावर दर्शनाच्या लक्षात आलं की डॉक्टरांनीही रुपेशसारखंच उत्तर टाळलं होतं, टॉवेलाच्या जागी फक्त चष्मा होता.

रुपेश जेवायला बसला तेव्हा आये शेजारणीकडे गेलेली होती. दर्शनाने त्याला कढी वाढली.

"खालची जगली ना खरा?"

"सांगितलंय मां, जगली."

"रंग काय त्येंचो?"

रुपेशचा घास थांबला. "हंयच्यासारखोच. चमकतत बरी."

समुद्राच्या पोटात निळे दिवे नाहीत. तिथे प्रवाळ या दिव्यासारखं चमकत नाही. जगलं असेल तर ते चिखलाच्या रंगाचं दिसलं असतं, आणि हे रुपेशला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. आयुष्यभर तो पर्यटकांना सांगत आला होता की फोटोतला रंग खोटा असतो. दर्शनाला त्याच्या ताटाशेजारी उघडा पडलेला फोन दिसत होता. त्यावर नागपूरचं तिकीट होतं. एकच, तिच्या नावाचं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं.

"कधी काढलंस?"

"उतरान इलंय त्याच दिवशी." तो कढीत बोट फिरवत राहिला. "तू जा गो. चेडवाक तुझी गरज असा."

"आणि हंय?"

"हंय काय ऱ्हवता? टाक्यो रिकाम्यो."

माणसं प्रेमाने एकमेकांना कोंडतात ती अशी. तो खोटं बोलला म्हणजे ती सुटेल, आणि ती गप्प बसली म्हणजे तो सुटेल. मधल्या मध्ये सगळ्या मालवणचा खडक वाजतगाजत मरायला जाईल आणि पुढच्या साली रुपेश बुडी मारून येईल, टॉवेल पिळेल. कोणी तिला दोष देणार नाही. दर्याने नेलं म्हणतील. दर्याने काय काय नेलं नाही या गावातून!

"कढी आंबट झाली काय?" तिने विचारलं.

"नाय. बरी असा."

पुढचे काही दिवस ती रोज सकाळी टाकीसमोर उभी राहिली, दिव्याने दोन उजेड दाखवले, आणि तिने मन घट्ट करून मातकट उजेडाकडे बघितलं. बाहुली तिचं ऐकेना. निळं आलं की डोळा आपोआप धावत सुटे, माहेरच्या माणसाकडे धावावं तसा. दिवा अजून केसभर निळा सरकला.

पौर्णिमेच्या सकाळी घराघरांतली माणसं आली. बायका अबोलीचे वळेसर माळून, पुरुष पांढऱ्या टोप्या घालून. प्रत्येक घराने आपल्या तुकड्यासमोर नारळ ठेवला. काहींनी ओटी आणली होती. म्हाताऱ्यांनी आपापल्या खडकाचं नाव घेऊन हाक मारली. निळ्या उजेडात सगळ्यांचे दात आणि टोप्या लख्ख पेटल्या होत्या, आणि टाक्यांमध्ये तर दिवाळी होती. आयेने आपल्या खवणेकरांच्या तुकड्याला हळदकुंकू दाखवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"नवऱ्यान माझ्या हुडकून काढल्यान हुतो तो खडक," ती शेजारणीला सांगत होती. "लग्नाच्या आधी माका थंय नेवन दाखवल्यान. बायलेक दाखवची वस्त ती काय! पण दाखवल्यान."

झाकण असलेली खोकी भरायला रुपेश आणि दोघेजण पुढे झाले.

दर्शना मागच्या भिंतीकडे गेली. कारखान्याच्या काळात तिथून ट्रकमध्ये बर्फ चढवत. लोखंडी शटर होतं, उन्हाने टाक्या बिघडू नयेत म्हणून कायमचं ओढलेलं. साखळी गंजलेली होती. तिने दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. शटर किंचाळलं, आणि ढगाळ, साधा, कोणालाच न सजवणारा दिवस आत शिरला. मग एका हाताने साखळी धरून ठेवत दुसऱ्याने तिने दिव्याचा मुख्य खटका खाली केला.

हिरवं गेलं. गुलाबी गेलं. टाक्यांमध्ये स्मशानातून वेचून आणल्यासारखी पांढरी हाडं होती.

कोणी किंचाळलं नाही. एका बाईने ओटी परत पदरात घेतली, एवढंच.

"दिवो लाव गो," बाबलमामा म्हणाले. "कोणी बंद केल्यान?"

"मिया केलंय, मामा. हो त्येंचो खरो रंग. ह्या दिव्यान, माझ्या डोळ्यान ती अशी झाली. अजून मेली नाय. पण दर्यात गेली तर—"

"पावसाळी उजेडात सगळा फिकाच दिसता," बाबलमामा घाईने म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला होता. "आजारी माणसाक पण घरची हवा लागली की बरा वाटता. दर्यात गेल्यार रंग येतलो. काय रे रुपेश? गेल्या वर्षाची जगली ना? सांग हिका."

सगळे रुपेशकडे वळले. त्याच्या हातात उघडं खोकं होतं, आणि एक शब्द बोलला असता तर सगळ्यांची सुटका होती. तो शब्द त्याच्या तोंडात बसलेला होता. धक्क्यावर तो दरवर्षी आपोआप बाहेर येई. आये पुढे झाली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या नजरेत विनंती होती, आणि ती 'सुधारता म्हण' अशीच होती.

रुपेशने दर्शनाकडे बघितलं. तिच्या तळव्यांना गंज लागला होता आणि ती साखळी सोडत नव्हती.

त्याने खोकं खाली ठेवलं.

"खाली कोण जगूक नाय, आये," तो म्हणाला. "बाबांचो खडक चिखलाखाली गेलो. दर्या ह्येंका घेवचो नाय, आमच्या जन्मात तरी नाय. ही हंयच ऱ्हवतली. आणि ही असत तवसर माझी बायल पण हंयसून हलाची नाय."